कॅमेरा मागण्याआधी एक फिल्म पूर्ण करा

दहावी-बारावीचे निकाल लागले की नगर जिल्ह्यातले पालक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. मुलगा किंवा मुलगी सायन्सला आहे, मार्क बरे आहेत, पण डोक्यात भलतंच आहे. दिवसभर मोबाईलवर शूटिंग, रात्री एडिटिंग, आणि आता म्हणतात, "मला शॉर्टफिल्म करायच्या आहेत." ज्यांचा हात चित्रकलेत चांगला आहे त्यांना ॲनिमेशन करायचं असतं, कॉमिक्स काढायचे असतात. पालकांची काळजी दोन वाक्यांत असते. यात पोट भरतं का? आणि आपल्यासारख्या गावाकडच्या पोरांना तिथं कोण विचारतो?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते नगरमध्येच सापडतं.

लाल टाकीजवळचं न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेज नगरकरांना वेगळं सांगायला नको. शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे इथे मास कम्युनिकेशन शिकायला आले, ते पुणे विद्यापीठातून मराठी विषयात एम.ए. करून. कविता त्याआधीपासून लिहीत होते. इथल्या अभ्यासक्रमात लघुपट करायचा होता, म्हणून त्यांनी 'पिस्तुल्या' केला. शाळेत जायची ओढ असलेल्या एका गरीब पारधी मुलाची ही गोष्ट. कॉलेजच्या अभ्यासासाठी केलेल्या या छोट्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१३ मध्ये 'फँड्री' आला. त्यातलं गाव म्हणजे नगरजवळचं अकोळनेर. २०१६ चा 'सैराट' तर घराघरात पोहोचला. मुंबईत ओळखपाळख, वडिलांचा स्टुडिओ, महागडं फिल्म स्कूल, यातलं काहीही या वाटेवर नव्हतं.

पण मुलांनो, या वाटेवरून पुरस्कार तेवढे उचलू नका. कॅमेरा हातात येण्याआधी त्या माणसाचं किती वाचून, लिहून आणि पाहून झालं होतं, ते आधी लक्षात घ्या. कॅमेरा कसा चालवायचा हे काही आठवड्यांत शिकता येतं. काय दाखवायचं, हे शिकायला वर्षं जातात, आणि ती वर्षं मराठीच्या वर्गात गेली तरी वाया जात नाहीत.

चित्रातून गोष्ट सांगणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायचं असेल तर 'फँड्री'चा शेवटचा अर्धा तास पुन्हा बघा, आणि या वेळी आवाज बंद करून बघा. चित्रपटाचा नायक जब्या आणि त्याच्या घरचे मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेत आहेत. मागे शाळेची भिंत आहे. त्या भिंतीवर डॉ. आंबेडकरांची, समाजसुधारकांची चित्रं रंगवलेली आहेत. आपल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर असतात तशीच. कुटुंब त्या चित्रांसमोरून ओझं घेऊन चालत जातं. कोणी काही बोलत नाही, पार्श्वभूमीला कोणी भाषण देत नाही. चौकटीत दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात आणि बघणाऱ्याच्या पोटात कालवतं. जी भिंत आपण रोज बघतो आणि विसरतो, ती दिग्दर्शकानं योग्य जागी, योग्य क्षणी उभी केली. या कामाला लाखाचा कॅमेरा लागत नाही. भिंत बघणारा डोळा लागतो. आणि तो डोळा अकोळनेरच्या, पाथर्डीच्या, अकोल्याच्या मुलाकडे पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षा कमी असण्याचं काहीच कारण नाही.

आता थोडं मागे, शेजारच्या नाशिक जिल्ह्यात जाऊ. दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले, १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकायला गेले. नंतर बडोद्याचं कलाभवन, मग फोटोग्राफी, मग छपाई. चाळिशीपर्यंत हा माणूस एका धंद्यातून दुसऱ्यात जात होता. आजचे पालक त्यांना 'सेटल न झालेला' म्हणाले असते. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परत आले तेव्हा चित्रपटाला पैसे द्यायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा त्यांनी जे केलं ते प्रत्येक विद्यार्थ्यानं वहीत लिहून ठेवावं असं आहे. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर दाण्यातून कोंब फुटून रोप भराभर वाढताना दिसलं. ही छोटीशी फिल्म 'अंकुराची वाढ'. ती पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. त्यानंतर १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला.

पालकांसाठी या कथेत आणखी एक व्यक्ती आहे. सरस्वतीबाई फाळके. त्यांचे दागिने गहाण पडले हे सगळ्यांना माहीत असतं. पण फिल्मला छिद्रं पाडणं, ती धुणं, डेव्हलप करणं ही कामंही त्या करत होत्या, हे कमी जण सांगतात. घरच्यांनी पैसे देण्याइतकंच कामात हात घालणंही मोलाचं असतं.

कुंडीतला दाणा मी मुद्दाम सांगितला. "मला डीएसएलआर घेऊन द्या, मग मी फिल्म करतो," असं म्हणणाऱ्या मुलाला पालकांनी सरळ सांगावं, हातातल्या मोबाईलवर तीन मिनिटांची एक फिल्म आधी पूर्ण कर. पूर्ण म्हणजे सुरुवात, शेवट, नीट आवाज, नावांची पाटी, सगळं. अर्धवट क्लिप्स आणि गाण्यावर लावलेले शॉट यात धरायचे नाहीत. ज्याची एक फिल्म पूर्ण झाली त्याची दुसरीही होते. ज्याच्या डोक्यात दहा कल्पना आहेत आणि एकही पूर्ण नाही, त्याला महागडा कॅमेरा दिला तर तो कपाटात पडून राहील.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगणं मला गरजेचं वाटतं. भाऊराव कऱ्हाडे यांनी मेंढपाळ कुटुंबाच्या भटकंतीवर 'ख्वाडा' केला, त्यासाठी शेतजमीन विकली. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाचा गौरव झाला. या धाडसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ही गोष्ट ऐकून वडिलांकडे जमिनीचा विषय काढू नका. ज्यांची जमीन गेली आणि चित्रपट डब्यात राहिला, त्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही. घर, जमीन आणि बहिणीच्या लग्नाचे पैसे यांना हात न लावता शिकता येतं, आणि सुरुवातीची पाच वर्षं तसंच शिकावं. 'ख्वाडा'तूनच दुसरा धडा घेण्यासारखा आहे. त्याला एक राष्ट्रीय पुरस्कार ध्वनिमुद्रणासाठी मिळाला. सिनेमा म्हणजे फक्त दिग्दर्शक नाही. आवाज घेणारा, संकलन करणारा, प्रकाशयोजना करणारा, रंगसंगती बघणारा, कथाफलक रेखाटणारा अशा सगळ्यांची त्यात गरज असते, आणि त्यांना काम जास्त नियमितपणे मिळतं.

ज्या मुलांचा ओढा चित्रकलेकडे आहे त्यांची सुरुवात शाळेतच झालेली असते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांकडे पालक दहावीच्या वाढीव गुणांपुरतं बघतात. त्यातलं स्मरणचित्र नीट बघा. बाजाराचा दिवस, एसटी स्टँड, पाणवठा असा विषय येतो आणि मुलानं आठवणीतून माणसं उभी करायची असतात. कोण पुढे, कोण मागे, कोणाचा हात कुठे, नजर कुठे, हे सगळं त्यानं ठरवायचं असतं. चित्रातून गोष्ट सांगण्याचा हा पहिला सराव आहे. बारावीनंतर बीएफए म्हणजे ललित कलेच्या पदवीसाठी जी सीईटी होते तीतही स्मरणचित्र असतंच. चित्रकलेच्या सरांना हलक्यात घेऊ नका. आपल्या जामखेडचे रामदास फुटाणे चित्रकला शिक्षक होते. त्यांनी निर्माण केलेला 'सामना' १९७५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात पोहोचला.

शिक्षणाच्या वाटा थोडक्यात सांगतो. बारावी कोणत्याही शाखेतून केली तरी बीएफए करता येतं. मुंबईचं जे. जे., पुण्याचं अभिनव, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय हे नगरच्या मुलांना जवळचे पर्याय. अहमदाबादची एनआयडी आणि मुंबई आयआयटीचं आयडीसी इथे डिझाइन, ॲनिमेशन, दृश्यसंवाद शिकवतात. त्यांच्या पदवी प्रवेशालाही बारावीची कोणतीही शाखा चालते, पण एनआयडीची डॅट आणि आयआयटीची यूसीड या परीक्षा द्याव्या लागतात. त्यांचे फॉर्म दिवाळीच्या मागेपुढे भरले जातात. बारावीचा निकाल लागल्यावर चौकशी करणाऱ्याचं एक वर्ष गेलेलं असतं, म्हणून अकरावीतच संकेतस्थळावर तारखा बघून ठेवा. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षण संस्थेत दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी या शाखांना आधी पदवी लागते, ती कोणत्याही विषयाची चालते. म्हणून बी.एस्सी. किंवा बी.कॉम. करत असलेल्या मुलानं निराश व्हायचं कारण नाही. तीन वर्षांत वाचा, फिल्म करा, एकांकिका करा. नगरमध्ये महाकरंडकसारखी एकांकिका स्पर्धा होते. तिथे पडद्यामागे प्रकाशयोजना सांभाळलेला मुलगा कॅमेऱ्यासमोरच्या उजेडाला घाबरत नाही.

खासगी अकॅडमीबाबत मात्र पालकांनी डोळ्यांत तेल घालून बघावं. 'शंभर टक्के प्लेसमेंट' अशी पाटी दिसली तर दोनच प्रश्न विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची? मागच्या तीन वर्षांतल्या विद्यार्थ्यांनी केलेलं काम बघायला मिळेल का? काम दाखवायला टाळाटाळ झाली तर चहा पिऊन परत या. शैक्षणिक कर्ज काढून अशा ठिकाणी घातलेला पैसा मुलाच्या मानेवर बसतो आणि मग तो मन लावून शिकूही शकत नाही.

आता पोटाचा प्रश्न. या क्षेत्रात उत्पन्न महिन्याच्या एक तारखेला येत नाही, हे मान्य करूनच पुढे जावं. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग, शाळा-कॉलेजांच्या माहितीपटांचं काम, शेतीच्या औजारांच्या जाहिराती, पाठ्यपुस्तकांची आणि बालपुस्तकांची चित्रं, दवाखान्यांसाठी माहितीची ॲनिमेशन अशी कामं जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळतात. त्यात कमीपणा नाही. लग्नाच्या शूटिंगमध्ये सासरी निघालेल्या मुलीचा चेहरा एकदाच मिळतो, पुन्हा करा म्हणता येत नाही. तो ज्याला पकडता आला त्याला माहितीपटही जमतो. पदवीनंतर तीन वर्षांची मुदत आपसात ठरवा. तेवढ्यात स्वतःचा खर्च भागू लागला तर पुढे जायचं. नाही भागला तर शिकवणं, जाहिरात, वृत्तवाहिनी, प्रकाशन अशा नोकऱ्यांकडे वळायचं. तिथेही हेच कौशल्य लागतं.

विषय शोधायला मात्र जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. पाथर्डी तालुक्यातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात, तेव्हा घरी राहणारी आजी आणि शाळेतला नातू यांचे पुढचे पाच-सहा महिने कसे जातात? भंडारदऱ्याला पावसाळ्याच्या तोंडावर काजवे बघायला गाड्यांची रांग लागते, त्या रांगेकडे तिथला आदिवासी मुलगा कसा बघतो? हे विषय माझे झाले. तुमच्या गल्लीत, तुमच्या वस्तीवर याहून चांगले असतील. कोणाचंही चित्रण करताना त्याला विचारून करा, आणि झाल्यावर पहिल्यांदा त्यालाच दाखवा. ही सवय लहानपणी लागली तर पुढे फार उपयोगी पडते.

पालकांना एकच विनंती आहे. मूल आपलं काम दाखवायला आलं तर "यातून मिळणार काय?" असं त्या क्षणी विचारू नका. मोबाईल हातात घ्या, फिल्म शेवटपर्यंत बघा, आणि जिथे कळलं नाही तिथे, "इथे काय झालं ते समजलं नाही," असं स्पष्ट सांगा. आणि ती जागा दुरुस्त करून दोन आठवड्यांत पुन्हा दाखव म्हणा.