गाडी मुकी झाली तर

अगं, जुनी प्रियस घेतलीस ते फार बरं केलंस. मिशिगनमध्ये गाडीवाचून माणूस अडून बसतो, आणि ही गाडी पेट्रोलला कमी, नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं साथ देणारी. पण तिची एक खोड आत्ताच कानावर घालते. विकणारा ती सांगत नाही, आणि कळते तेव्हा नेमकं बाहेर उणे दहा असतं नि पार्किंगमध्ये तू एकटी असतेस.

एखाद्या सकाळी तू गाडीपाशी जाशील आणि किल्ली पर्समध्ये असूनही दार उघडणार नाही. दिवा लागणार नाही, आवाज येणार नाही. किंवा दार उघडेल, पण बटण दाबल्यावर डॅशबोर्डवर सतरा दिवे मिणमिणतील आणि विझतील. पोटात गोळा येईल. हायब्रिडची बॅटरी गेली म्हणजे आता हजारो डॉलर गेले, असंच पहिल्यांदा मनात येतं. तसं बहुतेक वेळा नसतं गं.

तुझ्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. एक मोठी, मागच्या सीटच्या पाठीमागे, सुमारे २०० व्होल्टची. गाडी चालवायला हातभार लावते ती हीच. दुसरी साधी १२ व्होल्टची, डिकीच्या उजव्या कोपऱ्यात झाकणाखाली बसवलेली, नेहमीच्या गाडीतल्या बॅटरीपेक्षा लहानच. दिवे, कुलपं, ब्रेकचा पंप आणि गाडीतले सगळे कॉम्प्युटर हिच्यावर चालतात. आणि मोठ्या बॅटरीची वीज पुढे सोडणारे रिलेसुद्धा हीच चालू करते. धान्याचं कोठार भरलेलं आहे, पण किल्ली हरवली, तशी गत होते. मोठी बॅटरी ठणठणीत असते, तिच्यापर्यंत पोचायला धाकटीत जीव नसतो. दहातल्या नऊ वेळा नाही म्हणत मी, पण गाडी अशी पूर्ण मुकी झाली की पहिला संशय धाकटीवरच घ्यायचा.

यातली दिलासा देणारी बाब नीट समजून घे. साध्या गाडीत १२ व्होल्टच्या बॅटरीला स्टार्टर फिरवून अख्खं इंजिन हलवावं लागतं, त्याला खूप करंट लागतो. प्रियसमध्ये वेगळा स्टार्टरच नाही. इंजिन फिरवते ती आतली मोटर, आणि तिला वीज देते मोठी बॅटरी. धाकटीने फक्त कॉम्प्युटर जागे करायचे. म्हणून तिला बाहेरून थोडीशीच मदत पुरते. हातात मावेल असा लिथियमचा जंप स्टार्टर मिळतो ना, त्यानेही काम होतं. तो घेच. आणि घेतलास की डिकीत ठेवू नकोस, सीटखाली किंवा ग्लव्हबॉक्समध्ये ठेव. का, ते सांगते.

बॅटरी उतरली की डिकी उघडत नाही. तिची कडी विजेवर चालते. म्हणजे बॅटरी डिकीत, आणि डिकी उघडायला बॅटरी हवी! दाराचंही तेच. पण किल्लीच्या त्या काळ्या ठोकळ्यात एक खरीखुरी धातूची किल्ली लपवलेली असते. बाजूची छोटी खिट्टी सरकवून ती ओढली की बाहेर येते. फक्त ड्रायव्हरच्या दाराला तिच्यासाठी भोक आहे. ही किल्ली आज घरात बसून एकदा काढून बघ. थंडीत हातमोजे घालून पहिल्यांदा शोधायची गोष्ट नव्हे ती.

आत गेलीस की डाव्या गुडघ्याजवळ बॉनेट उघडायचा खटका आहे. तो तारेने चालतो, त्याला वीज लागत नाही. कंपनीने म्हणूनच पुढे बॉनेटखाली खास सोय केली आहे. काळा चौकोनी फ्यूज बॉक्स दिसेल. त्याचं वरचं झाकण काढलं की आत एक लाल प्लास्टिकची टोपी, तिच्यावर अधिकची खूण. टोपी उचलली की खाली धातूची छोटी पट्टी दिसते. जंप, म्हणजे बाहेरून वीज, द्यायची जागा ती. मागच्या बॅटरीला तिथूनच वीज पोचते.

त्याच बॉनेटखाली एक चंदेरी धातूचा डबा आहे आणि त्यातून जाड नारिंगी केबली निघतात. तो इन्व्हर्टर. नारिंगी रंग दिसला की हात मागे. तिथे काही सोडवायचं नाही, तिथे जंप केबलचा चिमटा लावायचा नाही, 'बघू तरी' म्हणून झाकण उघडायचं नाही. त्यात शेकडो व्होल्ट खेळत असतात. आपल्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

हात घालायच्या आधी अंगावरचं बघ. आई हे वाचेल तर रागावेल, पण हातातल्या सोन्याच्या बांगड्या आणि अंगठी काढून खिशात टाक, मंगळसूत्र स्वेटरच्या आत घाल. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण धातूची बांगडी एका बाजूने त्या पट्टीला आणि दुसऱ्या बाजूने गाडीच्या पत्र्याला टेकली तर क्षणात लाल होते आणि मनगट भाजतं. केस बांध, स्कार्फ आत खोच. मदतीला आलेल्या गाडीचं इंजिन चालू असतं, तिचा पंखा आणि पट्टा काही बघत नाही.

आता दुसऱ्या गाडीने जंप देताना काय करायचं. ती १२ व्होल्टची साधी गाडी असावी. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात. तुझी गाडी पार्कमध्ये, डाव्या पायाचा पार्किंग ब्रेक दाबलेला, दिवे, हीटर, रेडिओ सगळं बंद. दोन्ही गाड्या बंद असतानाच केबली लावायच्या. लाल चिमटा आधी तुझ्या गाडीच्या त्या लाल टोपीखालच्या पट्टीला. लालचं दुसरं टोक मदतीच्या गाडीच्या अधिक टोकाला. मग काळा मदतीच्या गाडीच्या वजा टोकाला. आणि शेवटचा काळा चिमटा तुझ्या गाडीच्या रंग नसलेल्या घट्ट धातूला, एखाद्या जाड बोल्टला, पण त्या लाल जागेपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडू शकते, म्हणून ती बॅटरीपासून दूर उडू दे. लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि तो पेट घेतो.

मग मदतीच्या गाडीचं इंजिन चालू करून जरा वाढवून पाचेक मिनिटं चालू ठेवायचं. एवढा वेळ थांब. लोक लगेच बटण दाबतात आणि 'होत नाही' म्हणतात. पाच मिनिटांनी तुझी गाडी बंद असतानाच एक दार उघडून बंद कर, आणि मग ब्रेक घट्ट दाबून पॉवरचं बटण दाब. डॅशबोर्डवर 'रेडी' उजळलं की काम फत्ते. इंजिनचा आवाज आला नाही म्हणून पुन्हा पुन्हा दाबू नकोस. ही गाडी 'रेडी'त असूनही गप्प राहू शकते. चिमटे काढताना बरोबर उलट क्रम: शेवटी लावलेला काळा आधी, पहिला लाल सगळ्यात शेवटी. जंप स्टार्टर वापरलास तर लाल त्या पट्टीला, काळा उघड्या धातूला, मग स्टार्टर सुरू, आणि 'रेडी' आलं की लगेच काढून ठेव.

एक मात्र मी शंभरदा सांगेन. लाल आणि काळा उलटे लागू देऊ नकोस. साध्या जुन्या गाडीत अशी चूक एखाद्या फ्यूजवर निभावते. हायब्रिडमध्ये मुख्य फ्यूज उडतो, आणि नशीब वाईट असेल तर इन्व्हर्टर किंवा कॉम्प्युटर जळतो. तेव्हा मात्र हजारो डॉलरची गोष्ट खरी होते. आणि हे बहुतेक वेळा घडतं ते भल्या माणसाच्या हातून. पार्किंगमध्ये कुणीतरी काका धावत येतात, 'मी तीस वर्षं गाड्या चालवतोय' म्हणत केबली हिसकावून घेतात. त्यांचा मान राख, पण केबली तुझ्याच हातात राहू देत. 'थांबा, मला एकदा खूण बघू द्या' एवढं म्हणायला लाजू नकोस. अंधार असेल तर मोबाइलचा टॉर्च लाव, अधिकची खूण डोळ्यांनी बघ, मग चिमटा लाव. घाई कुणाची का असेना, गाडी तुझी आहे.

रात्र असेल, जागा एकाकी असेल, मन ग्वाही देत नसेल तर यातलं काहीच करू नकोस. आत बस, दारं हाताने लॉक कर, इन्शुरन्सच्या रस्त्यावरच्या मदतीला फोन कर. फोनवर पहिलं वाक्य 'गाडी हायब्रिड आहे' हेच सांग.

धक्का मारून सुरू करायचा विचार सोडून दे. आपल्याकडे बाबांची गाडी चौघांनी ढकलली की फट्कन चालू व्हायची, कारण तिला क्लच आणि गिअर होते. हिला ते नाहीत, आणि बॅटरी उतरली की पार्कमधून ती निघतसुद्धा नाही. ओढून न्यायची वेळ आलीच तर पूर्ण गाडी ट्रकवर चढवून न्यायला सांग. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढलं तर आतली मोटर फिरते, वीज तयार करते आणि नुकसान होतं. शिवाय तुझ्या गाडीने दुसऱ्याच्या गाडीला जंप द्यायला जाऊ नकोस. मैत्रिणीच्या मोठ्या एसयूव्हीचा स्टार्टर जेवढा करंट ओढेल, तेवढा द्यायला तुझी ती लहान बॅटरी बनलेलीच नाही. तिला तुझा जंप स्टार्टर दे.

कधी असंही होईल की जंप दिला, सगळे दिवे झगझगीत लागले, पण 'रेडी' येईना आणि लाल त्रिकोण दिसतोय. मग दोष धाकटीचा नाही. पुन्हा पुन्हा जंप देऊन काही होणार नाही, गॅरेजच गाठायचं. बॅटरी फुगलेली, फुटलेली किंवा गोठलेली असेल तरीही जंप द्यायचा नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीत खरोखर गोठते.

'रेडी' आलं की लगेच बंद करू नकोस. या गाडीला अल्टरनेटर नाही. मोठ्या बॅटरीतून एक कन्व्हर्टर धाकटीला भरतो, आणि तोही फक्त 'रेडी' असताना. म्हणून निदान अर्धा-पाऊण तास चालवून आण. पण बंद गॅरेजमध्ये 'रेडी'वर ठेवून आत चहा करायला जाऊ नकोस. इंजिन मध्येच आपोआप सुरू होतं, आणि त्याचा धूर जीव घेतो. हे फार गांभीर्याने सांगतेय.

आता धाकटी उतरते कशाने. आतला दिवा राहिला, डिकी नीट लागली नाही, किंवा गाडीत बसून ब्रेक न दाबता बटण दाबलं आणि तासभर गाणी ऐकली. तेव्हा 'रेडी' नसतं, म्हणजे भरणं बंद आणि खर्च चालू. गाणी ऐकायची तर 'रेडी'त ऐक. आणि आपल्या लोकांचं ठरलेलं कारण म्हणजे डिसेंबरात महिनाभर भारतात. परत येऊन बघावं तर गाडी मुकी. जाण्याआधी एखाद्या मैत्रिणीकडे किल्ली दे, आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवायला सांग. मोठी बॅटरीही उभ्या उभ्या हळूहळू उतरते. ती पूर्ण उतरली तर जंपने काहीच होत नाही.

धाकटी विनाकारण दोनदा उतरली तर नवी घाल, चालढकल करू नकोस. मात्र घालताना एजीएम प्रकारचीच घाल, आणि तिची वायू बाहेर सोडणारी नळी जोडली का ते स्वतः बघ. ही बॅटरी माणसं बसतात त्याच बंदिस्त जागेत आहे, कुठलीही स्वस्तातली तिथे चालत नाही. दहा-पंधरा डॉलरचा मल्टीमीटरही आण. गाडी काही तास बंद असताना साडेबारा व्होल्टच्या वर दिसलं तर ठीक, बाराच्या खाली म्हणजे उतरली. 'रेडी'त चौदाच्या आसपास दिसायला हवं.

दादाने पुण्यात हायरायडर हायब्रिड घेतली आहे, त्यालाही हे वाचायला दे. तत्त्व तेच, फक्त बॅटरीची आणि जंपची जागा त्याच्या मॅन्युअलमध्ये बघायची. आणि तिकडे एक धोका जास्त आहे: हायवेवर मदतीला ट्रक थांबतो, पण आपल्याकडचे मोठे ट्रक आणि बस २४ व्होल्टवर चालतात. त्यांची केबल हायब्रिडला लावायचीच नाही. तुझ्या लॅबमधल्या मैत्रिणीकडे जर ह्युंदाईची आयोनिक हायब्रिड असेल तर तिला सांग, तिच्या सुरुवातीच्या मॉडेल्समध्ये १२ व्होल्टची बॅटरी वेगळी नाही. ती मोठ्या बॅटरीच्या डब्यातच आहे, आणि स्टिअरिंगजवळ ती पुन्हा जागी करायचं एक बटण दिलेलं आहे. आधी ते दाबून बघायचं.

या शनिवारी ऊन असताना खाली जा. धातूची किल्ली काढ, तिने दार उघड, बॉनेट उचल, लाल टोपी शोध, आणि काळा चिमटा कुठल्या बोल्टला लावशील ते ठरवून ठेव. दोन्ही जागांचे फोटो काढून मला पाठव, मी बघून सांगते बरोबर आहेत का.