गावाच्या उद्याच्या गरजा : इयत्ता सातवीसाठी परिसर-पाठ

गावासाठी सोयी आखावयाच्या म्हणजे वाढत्या लोकवस्तीसाठी आखावयाच्या, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. रत्नागिरी जिल्ह्यात हे गृहीत लागू पडत नाही. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ भरली. त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली होती. २०११ मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची वाट या आकड्यातून स्पष्ट दिसते.

यास्तव पाठाचा आरंभ 'गावात काय नाही?' या प्रश्नाने करू नये. तसे केल्यास मुले मागण्यांची जंत्री देतात. 'पंधरा वर्षांनी या वाडीत कोण राहत असेल?' असा प्रश्न टाकावा. विद्यार्थ्यांकरवी वाडीवार घरे मोजून घ्यावीत : बारमाही उघडी किती, कुलूपबंद किती, केवळ वृद्धच राहतात अशी किती. घराघरांतील खाजगी गोष्टी विचारू नयेत व नावे तक्त्यावर लिहू नयेत.

यानंतर पाण्याचा हिशेब घ्यावा. हा पाठाचा गाभा होय. त्यास दोन तासिका गेल्या तरी चालतील. जलजीवन मिशनचे प्रमाण दरमाणशी दररोज ५५ लिटर आहे. समजा, गावात ८०० माणसे कायम राहतात. तर दिवसाला ४४,००० लिटर पाणी लागेल. सणासुदीस व सुटीत तेथे २,००० माणसे झाली, तर गरज १,१०,००० लिटर होते. येथे मुलांना विचारावे की, ही गर्दी कधी होते? गणपतीला, हे उत्तर तत्काळ येईल. परंतु भाद्रपदात पऱ्हे वाहत असतात, विहिरी भरलेल्या असतात. खरी कसोटी शिमग्याला व त्याहून अधिक मे महिन्यात लागते. जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तथापि जांभा दगड सच्छिद्र असल्याने व उतार तीव्र असल्याने पाणी लवकर निघून जाते. माणसे सर्वांत जास्त आणि झरे सर्वांत क्षीण, असे ते दिवस असतात. केवळ मोठी टाकी बांधल्याने झऱ्याचे पाणी वाढत नाही, हे मुलांना स्वतःच्या हिशेबावरूनच उमगेल. पावसाळा संपताच घातलेला कच्चा बंधारा कोणत्या विहिरीस उपयोगी पडतो, हे प्रत्यक्ष नेऊन दाखवावे.

अंतर मोजताना किलोमीटरबरोबर चालण्याची मिनिटेही लिहावीत. नकाशावर आरोग्य उपकेंद्र जवळ दिसते. पण मध्ये पऱ्ह्या असून साकव नसेल, तर आषाढात आजारी म्हातारीला ते दूरच. वृद्धांची वस्ती वाढणार असेल, तर पाखाडीचा कठडा आणि साकव यांचा क्रम सभागृहाच्या आधी लागावा.

शाळेचा प्रश्न नाजूक आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याखालील नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी लागते. पहिलीच्या गेल्या दहा वर्षांच्या पटाचा आलेख मुलांकडून काढून घ्यावा. पुढील तीन वर्षांचा अंदाजही फारसा कठीण नाही : आज अंगणवाडीत असलेली तीन वर्षांची मुले तेव्हा पहिलीत येतील, त्यांतून स्थलांतर करणारी वजा करावी लागतील. हा आलेख उतरता निघाला, तर तो शिक्षकाच्या स्वतःच्याच शाळेविरुद्ध बोलेल. पट फुगविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण मुलांनी मोजलेला आकडा गुरुजींनी बदलला, तर मुले तेवढेच शिकतील. उलट, खरा आकडा हाती असला म्हणजे रिकाम्या होणाऱ्या खोलीत वाचनालय किंवा वृद्धांची आरोग्य-तपासणी ठेवता येईल काय, हा विचार वेळीच मांडता येतो.

तयार तक्ता २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांस दाखवावा. ग्रामपंचायत विकास आराखड्याचे काम त्या सुमारास सुरू होते. तक्ता वाचून दाखविण्याचे काम विद्यार्थ्यांवरच सोपवावे.