साखरेची रोजकीर्द

वाई, कार्तिक वद्य पंचमी

चिरंजीव बाळ यास,

तुझा फोन आला त्या रात्री मी मुद्दामच फार बोललो नाही; कारण उपाशीपोटी १४२ आणि तीन महिन्यांची सरासरी ७.६ हे आकडे तू ज्या स्वरात सांगितलेस, तो आजाऱ्यापेक्षा अफरातफर उघडकीस आलेल्या खजिनदाराला अधिक शोभला असता, आणि अशा स्वराशी टेलिफोनवर वाद घालण्यात हशील नसते, एवढे मला महसूल खात्यातील पस्तीस वर्षांच्या चाकरीने शिकविले आहे. “माझे चुकले कोठे?” हा तुझा पहिला प्रश्न आणि “आता मी कोणाचे ऐकू?” हा दुसरा. दोन्ही प्रश्न वाजवी आहेत. परंतु ते दोन निराळे दावे असून तू, तुझी आई आणि तुझे सासरे अशा तिघांनी त्यांचे कागद एकाच रुमालात बांधून ठेविल्यामुळे कोणत्याच दाव्याचा निकाल लागेनासा झाला आहे.

कारणाचा दावा आधी घेऊ. ताईची जबानी अशी की हिंजवडीची नोकरी, अवेळी जेवण आणि बाहेरचे खाणे यांनी घात केला. सासऱ्यांचे म्हणणे असे की रोग रक्तातून आला, म्हणजे बोट आमच्या घराण्याकडे. आणि आमच्या तीर्थरूपांना मधुमेह होता व मला गेली एकतीस वर्षे आहे, हे पाहता त्या बोटाला मी हरकत कशी घेणार? तू मात्र लहानपणी खाल्लेल्या पेढ्यांपासून स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करीत बसला आहेस. साखर खाल्ली म्हणून साखर झाली, हे समीकरण ऐकावयास सोपे आहे आणि तितकेच अपुरे आहे. स्वादुपिंडातून इन्शुलिन निघते, पण यकृत आणि स्नायू त्याचा हुकूम मानीनासे होतात; हुकूम बजावण्यासाठी स्वादुपिंड अधिकाधिक हरकारे पाठविते आणि काही वर्षांनी थकते. हुकूम न मानण्याची ही वृत्ती पोटात व यकृतात साचलेल्या चरबीने वाढते, बैठकीने वाढते, अपुऱ्या झोपेने वाढते आणि जन्मतःच काहींच्या वाट्याला अधिक आलेली असते. पेढा या खटल्यात साक्षीदार आहे. एकटा आरोपी नव्हे.

हा वाद आजचा नाही. सुश्रुताने प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्यजन्य असे दोन भेद केले, आणि पहिला रोगी बहुधा कृश तर दुसरा बहुधा स्थूल असतो असे नोंदविले. रक्ताची तपासणी तर राहोच, मुंग्या लागणाऱ्या मूत्रापलीकडे ज्या काळी परीक्षेचे साधन नव्हते, त्या काळच्या माणसाची ही नजर पाहून मला आमच्या खात्यातील जुन्या सर्कल इन्स्पेक्टरांची आठवण होते, जे शिवारातून एक फेरी मारून आणेवारी अचूक सांगत. चरकाने कारणांच्या यादीत दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ सांगितले खरे, पण त्यांच्याही आधी बैठकीचे सुख आणि झोपेचे सुख मांडले. आणि सुश्रुताचा उपचार तर मला फारच आवडतो: निर्धन रोग्याने पादत्राण व छत्री यांवाचून, भिक्षा मागत, शंभर योजने चालावे. त्यातील चालण्याचा भाग तू शिरसावंद्य मान. पादत्राणांसंबंधीचा भाग मात्र अजिबात मानू नकोस. त्याविषयी पुढे लिहितो.

“पण मामा, मी जाड कोठे आहे?” असे तू म्हणालास. खरे आहे, हातपाय काडीसारखे आणि सदऱ्याच्या चौथ्या बटणाखाली एक गोल उंचवटा. तुझ्यासारख्या देहाची कहाणी मराठी माणसाने विशेष जाणून घ्यावी, कारण तिचा शोध पुण्यातच लागला. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांच्या पोषणाची आणि त्यांच्या मुलांची पाहणी चालविली, तेव्हा असे दिसून आले की तेथील नवजात बालके सरासरी सुमारे २.७ किलोंची, म्हणजे इंग्लंडातील बालकांहून जवळजवळ ८०० ग्रॅमांनी हलकी. परंतु ही तूट स्नायूंत आणि अवयवांत होती, चरबीत ती फारशी नव्हती. मूल दिसावयास कृश, पण आतून मेदुर! २००४ साली याच डॉक्टरांनी आपले आणि एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराची २१.२ टक्के. तेव्हा वजनकाट्याने दिलेल्या निर्दोषत्वाच्या दाखल्यावर विसंबू नकोस. कंबरेला फीत लाव.

ही पाहणी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे १९७२ चा दुष्काळ उभा राहिला. नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झाले होते आणि माण तालुक्यातील दुष्काळी कामांवर हजेरीपट लिहिण्यासाठी मला धाडले होते. खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगेत दर पाच-सातांमागे एक गरोदर असे. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुखडी यांवर त्यांचे आणि पोटातल्या जिवाचे चाले. त्या पोटातली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांतली कितीएक येथल्या आठवडी बाजारात मला भेटतात, औषधाच्या दुकानासमोर, हातात माझ्याच गोळ्यांची पट्टी घेऊन. त्या दुष्काळामुळेच त्यांना हा रोग जडला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण एका बाजारात भेटलेल्या दहा माणसांवरून अहवाल लिहिणारा कारकून निलंबनास पात्र असतो. पण रात्रपाळी आणि वडापाव यांच्याही मागे दोन पिढ्यांची भूक उभी असू शकते, एवढे ध्यानात आले की आईवर, बायकोवर किंवा स्वतःवर फिर्याद गुदरण्याची घाई राहत नाही. कारणाचा दावा मी येथेच दप्तरदाखल करतो.

आता आहाराचा दावा. आपल्या महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत याचे दोन पंथ झाले आणि एका घरात दोन चुली म्हणावे तशी स्थिती आली. कै. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात की दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगतात की थोडे थोडे, वरचेवर, आजीच्या स्वयंपाकघरातले आणि हंगामातले खा, तुपाला भिऊ नका. तुझे सासरे पहिल्या पंथाचे आणि ताई दुसऱ्या पंथाची. आणि कचेरीतला तुझा मित्र धान्यच सोड म्हणणारा तिसरा. मी तिघांचेही लक्षपूर्वक ऐकले आहे, आणि माझे मत असे की भांडण जेवढे मोठे वाटते तेवढे ते नाही: येताजाता तोंडात टाकलेले फरसाण, बिस्किटे आणि गोड चहा यांच्या बाजूने तिघांपैकी एकही वकील उभा राहत नाही. चहाच्या निमित्ताने पोटात जाणारी साखर एवढी जरी तू बंद केलीस, तरी त्यांचे उरलेले भांडण तुला निवांतपणे ऐकता येईल.

उरलेल्या मतभेदाचा निवाडा मात्र तुझ्या शरीराकडूनच करून घ्यावा लागेल. त्यासाठी एक वही घाल. घरी साखर मोजण्याचे यंत्र आहेच. जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी बोटाचा थेंब घे, आणि ताटात काय किती होते ते प्रामाणिकपणे, दुरुस्तीची खाडाखोड न करता, लिही. माझी रोजकीर्द एकोणीस वह्यांची झाली आहे. ज्वारीची भाकरी मधुमेह्याला माफ, या समजुतीवर मी कित्येक वर्षे तीन-तीन भाकरी निर्धास्तपणे खात होतो. वहीने दाखविले की तीन भाकऱ्यांनंतर २३१, आणि आधी कोशिंबीर व मटकीची उसळ खाऊन मग दीड भाकरी घेतली तर १५८. तेच पोट, तेच धान्य. प्रमाण आणि क्रम तेवढे बदलले. साबूदाण्याची खिचडी उपासाला चालते म्हणून साखरेलाही चालते असे नव्हे, कारण साबूदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. गूळ आणि मध यांना साखरेहून सोवळे मानण्याचे कारण नाही. हापूसची अर्धी फोड जेवणातला भात वगळून खाल्ली तर निभते, असे माझी वही म्हणते. तुझी काय म्हणेल ते वैशाखात पाहू. कारल्याचा रसही मी वर्षभर घेतला. वहीत फरक दिसला नाही, तोंड मात्र वर्षभर कडू राहिले, आणि तुझ्या मामीच्या मते बोलणेही.

उपासावरून आठवले. २००१ च्या आषाढीला मी नित्याप्रमाणे सकाळची गोळी घेतली आणि नित्याप्रमाणे कडकडीत उपास धरला. माझी गोळी स्वादुपिंडाला टोचून इन्शुलिन सोडावयास लावणारी. ती पोटात अन्न आहे की नाही हे विचारीत नाही. अकराच्या सुमारास साताऱ्याच्या एस. टी. स्थानकावर मला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, पाटीवरची अक्षरे वाचता येईनात, आणि शेजारच्या बाकावरील एका माउलीने पिशवीतले साखरफुटाणे माझ्या तोंडात कोंबले नसते तर हे पत्र लिहावयास मी उरलो नसतो. तुला दिलेली मेटफॉर्मिन त्या जातीची नाही, एकटी असता ती साखर सहसा इतकी खाली नेत नाही. तरी पुढे गोळ्या बदलल्या तर दोनदाच जेवण्याचा किंवा उपासाचा बेत डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नकोस, आणि खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेव. साखर ७० च्या खाली गेली की ती खावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. ताईला “इंग्रजी गोळ्या गरम पडतात” अशी भीती वाटते. तिला सांग की या गोळीचा मूळ धागा युरोपातील गॅलेगा नावाच्या रानझुडपाशी पोचतो. मात्र ती वर्षानुवर्षे घेणाऱ्याच्या शरीरात बी-१२ कमी होऊ शकते आणि आपण शाकाहारी, तेव्हा त्याचीही तपासणी करून घे.

रोग मुळासकट उपटून देतो म्हणणारे तुला पावलोपावली भेटतील. मलाही एक भेटले होते. त्यांच्या पुड्यांसाठी मी गोळ्या चार महिने बंद ठेविल्या आणि त्याची किंमत डाव्या डोळ्याच्या दृष्टिपटलाने मोजली. तरी निराश व्हावे असेही नाही. २०१७ साली ब्रिटनमधील एका प्रयोगात, रोग जडून सहा वर्षे झालेली नसणाऱ्या लठ्ठ रोग्यांना डॉक्टरी देखरेखीखाली काही महिने अत्यल्प आहार देऊन वजन उतरविले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांची साखर वर्षअखेरीस औषधावाचून मधुमेहाच्या रेषेखाली राहिली. ते लोक तुझ्याहून पुष्कळ वजनदार होते. पण तुझा रोग कोवळा आहे आणि कंबरेवरून सहा-सात किलो उतरवण्यासारखे आहेत, म्हणून हे लिहितो. अशी सुटका जामिनावरची असते. वजन परतले की हजेरी पुन्हा लागते.

आणि आता पाय. १९६८ च्या उन्हाळ्यात आमच्या तीर्थरूपांच्या अंगठ्यात मळ्यात बाभळीचा काटा मोडला. त्यांना तो कळलाच नाही, कारण पायाची जाणीव कधीच गेलेली होती. धोतराच्या काठाला लागलेला डाग आईने पाहिला तेव्हा आठ दिवस उलटून गेले होते. आधी अंगठा गेला, मग घोट्यापर्यंत पाऊल, आणि पुढच्या श्रावणात ते स्वतः. म्हणून वर्षातून एकदा डोळे, मूत्रातील प्रथिन आणि पावलांची जाणीव यांची तपासणी, आणि रोज रात्री दिव्याखाली दोन्ही तळवे, यांत तहकुबी नाही.

हुरड्याच्या दिवसांत सूनबाईंसह ये. वही बरोबर आण, मी माझी काढून ठेवितो. येथे पायताणे शिवणारा एक जुना कारागीर अजून आहे, बोटांशी ऐसपैस आणि आतून शिवण न टोचणारे जोडे तो करून देतो. कागदावर उभा राहून दोन्ही पावलांची रेघ मार आणि टपालाने पाठीव. माप संध्याकाळी घे, कारण दिवसभराच्या चालण्याने पाऊल तेव्हा थोडे पसरलेले असते.

तुझा,
मामा