थिबा राजवाडा

रत्नागिरी शहरात एका उंचवट्यावर जांभ्या दगडाची एक भव्य वास्तू उभी आहे. त्या परिसरातून भाट्याची खाडी आणि पलीकडचा अथांग सागर दृष्टीस पडतो. लोक या वास्तूला थिबा राजवाडा म्हणतात. नाव राजवाड्याचे, परंतु हे होते एका राजाच्या बंदिवासाचे घर.

थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, अखेरचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले जिंकून घेतली आणि त्याला पदच्युत केले. राजा प्रजेजवळ राहिला, तर प्रजा पुन्हा त्याच्याभोवती गोळा होईल, हे इंग्रज जाणून होते. म्हणून पुढच्याच वर्षी राणी सुपायालत व मुली यांच्यासह त्याला रत्नागिरीस आणण्यात आले. त्या काळी येथे रेल्वे नव्हती. एका बाजूस सह्याद्री, दुसऱ्या बाजूस समुद्र! याच इंग्रजांनी १८५८ साली दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर यास ब्रह्मदेशातील रंगूनला धाडले होते. तेथेच १८६२ साली त्याचा अंत झाला.

आरंभीची अनेक वर्षे थिबाचे कुटुंब अन्य बंगल्यांत राहिले. हा राजवाडा १९१० साली तयार झाला. उतरती छपरे आणि नक्षीदार लाकडी कमानींच्या खिडक्या ही त्याची शोभा. भिंतींचा जांभा मात्र कोकणातल्या साध्या घरांनाही लागतो तोच. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे सहज तासता येतात. वारा लागला की तो कठीण होतो. लाकूड वापरले ते ब्रह्मदेशी सागाचे. मायदेशाचे लाकूड समुद्र ओलांडून राजाकडे आले. राजाला मात्र मायदेशी जाता आले नाही. १९१६ साली रत्नागिरीतच त्याने देह ठेवला. १९१९ साली राणी ब्रह्मदेशी परतली. राजाची समाधी शहराच्या शिवाजीनगर भागात आहे.

पुढे ही वास्तू सरकारी कामांसाठी वापरली गेली. आता तेथे वस्तुसंग्रहालय आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थिबाच्या समाधीचे दर्शन घेण्यास रत्नागिरीस आले होते. दूरदेशीच्या माणसाला ज्या स्थळाची ओढ वाटते, त्याच्या शेजारून आपण रोज न पाहता जात असतो!

प्रत्येक गावात एखादा जुना वाडा, कचेरी किंवा डाकबंगला असतो. त्याचा दगड कोठला, लाकूड कोठले, तेथे कोण राहिले व कोणाच्या इच्छेने राहिले, हे विचारणारा कोणी नसेल, तर ती वास्तू मुकी होते आणि मुकी वास्तू लवकर ढासळते.

स्वाध्याय

१. थिबा राजाला मायदेशापासून दूर का ठेवण्यात आले?
२. ‘नाव राजवाड्याचे, परंतु हे होते एका राजाच्या बंदिवासाचे घर’ हे विधान स्पष्ट करा.
३. घरबांधणीस जांभा दगड सोयीचा का ठरतो?
४. आपल्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूस भेट द्या. वडीलधाऱ्यांकडून तिची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.