डावे वळण

बुलढाणा जिल्ह्यातील उंद्री गावच्या एखाद्या मुलाच्या दप्तरात उर्दूची आणि मराठीची अशा दोन वह्या असतील. उर्दू तो उजवीकडून डावीकडे लिहितो, तर मराठी डावीकडून उजवीकडे. आपल्या चपलाही डाव्या-उजव्या असतात. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात नीट बसत नाही. असा डावा-उजवा भेद धातूच्या अतिशय पातळ थरातही सापडला आहे.

चुंबकातील प्रत्येक अणू म्हणजे जणू एक लहानशी चुंबकसुई. लोहचुंबकात शेजारच्या सुया एकाच दिशेला तोंड करतात. काही पदार्थांत मात्र एक सुई वर, तर शेजारची खाली असते.

जर्मनीतील हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी टंगस्टन या जड धातूवर मँगनीजचा थर दिला. त्याची जाडी फक्त एका अणूएवढी होती. चुंबकीय टोकाची बारीक सुई थराला न टेकवता त्यावरून फिरवून त्यांनी तो तपासला. २००० साली त्यांना वर-खाली अशी साधी रचना दिसली. २००७ साली तोच थर पुन्हा बारकाईने पाहिला, तेव्हा वेगळेच आढळले. शेजारच्या सुयांमधील कोन १८० अंशांचा नव्हता, तर सुमारे १७३ अंशांचा होता. फरक अवघा ७ अंशांचा! पण तो पावलोपावली वाढत जातो आणि सुमारे १२ नॅनोमीटर अंतरात एक फेरा पूर्ण होतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. गणित करून पाहिल्यावर कळले, की हे वळण नेहमी डावेच असते.

असे का? थराच्या खाली टंगस्टनचे जड अणू आहेत, वर मात्र पोकळी आहे. दोन्ही बाजू सारख्या नाहीत. म्हणून डावे आणि उजवे वळणही सारखे राहत नाही. येथे डाव्या वळणाला कमी ऊर्जा लागते.

२०१३ साली हॅम्बुर्गमध्येच दुसऱ्या एका पातळ थरावर असे चुंबकीय भोवरे एकेक करून लिहिले आणि पुसले गेले. हा प्रयोग अतिशय थंड तापमानात झाला. लहानशा जागेत पुष्कळ माहिती साठवण्याची आशा त्यातून निर्माण झाली.

शास्त्रज्ञांनी आपलेच जुने उत्तर पुन्हा तपासले नसते, तर हे ७ अंश लपूनच राहिले असते.

शब्दार्थ
थर – एकावर एक असलेल्या पदरांपैकी एक पदर
पोकळी – रिकामी जागा
भोवरा – गोल फिरणारी रचना

स्वाध्याय
१. मँगनीजच्या थराची जाडी किती होती?
२. २००० आणि २००७ सालच्या निरीक्षणांत कोणता फरक होता?
३. कारण लिहा : थरातील वळण नेहमी डावेच असते.
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : डावा, वर, जड, थंड.