येळवशीला ये, पण उजाडल्यावर निघ

बाई गं, येळवशीला शेतातल्या पूजेला तुम्ही सगळे येताय म्हटल्यावर आईने लगेच दादाला तुरीच्या शेंगा राखून ठेवायला सांगितलं. मलाही फार बरं वाटलं. पण पहाटे चारला नांदेड सोडणार असं तू म्हणालीस ना, ते मनातून जाईना. फोन स्पीकरवर होता, तुझ्या सासूबाई शेजारी असतील, जावईबापूही ऐकत असतील, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता तुझ्यापुरतं बोलते.

चारच का? तर दहाच्या आत शिवारात पाय पडला पाहिजे म्हणून. गावातल्या माणसाला ते ठीक आहे. त्याचं शेत घरापासून अर्ध्या तासावर, अंबिलीचं मडकं डोक्यावर घेतलं की निघाला. तुझं घर शेतापासून दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे. गावाची वेळ तुझ्या गाडीला कशी लागू होईल? आणि आपल्याकडे पूजा कधी होते ते आठव. कडब्याच्या कोपीत पांडव मांडायचे, लक्ष्मी मांडायची, वरून शाल पांघरायची, भज्जी, उंडे, खिरीचा निवद दाखवायचा, ह्यात बारा सहज वाजतात. आठला निघालीस तरी चहापाणी करत तेवढ्यात पोचशील. अण्णा पूजेसाठी थांबतील. मी त्यांच्याशी बोलून घेतलंय, त्यामुळे ती काळजी तू करू नकोस.

काळजी करायची ती रस्त्याची. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य जवळजवळ सातला उगवतो. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि रब्बीला पाणी दिलेलं रान ओलं. अशा रात्री जमीन झपाट्याने गार पडते, तिला लागून असलेली दमट हवाही गार पडते आणि तिचंच धुकं होतं. म्हणून ते सगळीकडे सारखं नसतं. माळावर रस्ता लख्ख दिसतो, आज काही धुई नाही असं वाटतं, गाडीचा वेग वाढतो, आणि ओढ्याचा खोलगट भाग आला किंवा उसाचा पट्टा आला की समोर एकदम पांढरी भिंत. तुम्हाला तर नांदेड सोडता सोडताच विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी लागतं. उजाडता उजाडता धुकं आणखी दाटतं, आणि ऊन अंगाला लागायला लागलं की विरतं. म्हणजे तुम्ही निघणार ती वेळ नेमकी सगळ्यात वाईट.

हिशोब साधा आहे. साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. पन्नास मीटरपलीकडचं दिसत नसेल तर हातात तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत दिसायचं, कळायचं, ब्रेकवर पाय जायचा आणि भरलेली गाडी उभी राहायची. नाही राहत.

आणि त्या पन्नास मीटरवर असतं काय? ह्या दिवसांत बहुतेक वेळा उसाची ट्रॉली. गाळप जोरात असतं, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वेग सायकलीएवढा. मागचा दिवा असला तरी वाढे खाली लोंबून तो झाकून जातो, रेडियमची पट्टी धुळीने माखलेली. जवळ जाईपर्यंत ट्रॉली अंधाराचाच एक भाग वाटते. ओव्हरटेक करताना लोक पहिल्या ट्रॉलीचा अंदाज घेतात आणि दुसरी विसरतात. टायर बसला की ट्रॉली तिथेच उभी, चाकामागे दगड, आणि ट्रॅक्टर हलल्यावर ते दगड रस्त्यातच. शेतातून बाहेर येणाऱ्या चाकांची काळी माती डांबरावर पडते, त्यावर दव पडलं की मोटारसायकल सरळ आडवी होते. हे मी जावईबापूंना घाबरवायला सांगत नाही, ते गाडी चांगली चालवतात. पण चांगल्या चालवणाऱ्यालाही दिसलं तर पाहिजे.

त्या ट्रॅक्टरवाल्या पोरांवर मात्र चिडू नका. कारखान्यावर नंबर लागावा म्हणून ती रात्र-रात्र जागतात. ऊसतोड टोळीच्या बैलगाड्यांवर, उसाच्या वर, बाया आणि लहान लेकरं झोपलेली असतात. त्यांनाही घरी जायचंय. लांबूनच वेग कमी केला की त्यांचंही भलं, आपलंही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घे. तशी ती दरवर्षीच असते. माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते, म्हणजे येळवशीच्या आदल्याच दिवशी. आणि माळेगाव तुमच्या वाटेवरच, लोहा आणि अहमदपूरच्या मधे. घोडे, गाढवं, उंट बाजाराला निघालेले असतात, टेम्पो भरून माणसं, पायी चालणारी तर किती. पहाटे अंधारात ही सगळी गर्दी रस्त्याच्या कडेने आणि कधी मधोमध असते. दिवसा तुला तिथे अर्धा तास जास्त लागेल, लागू दे. लेकरांना गाडीतून घोडे दिसतील. रेल्वेने यायचं तर परभणी-परळीचा वळसा, दोन लेकरं आणि सामान घेऊन ते जमायचं नाही हे मलाही कळतं. रस्त्यानेच ये, फक्त उजेडात ये.

आता खरं अवघड काम. हे घरात सांगायचं कसं?

बघ, गाडी कधी निघणार हे जावईबापू ठरवत नाहीत, तू ठरवत नाहीस, सासूबाईही मुद्दाम ठरवत नाहीत. ते आपोआप ठरतं. कुणी म्हणतं, पहाटेच निघा, रस्ता मोकळा मिळतो. मग सगळे तेच धरून चालतात. त्याच्या मागे रात्रभराचा स्वयंपाक येतो. तू बाराला शेंगापोळ्या लाटत असतेस, जावईबापू ऑफिसचं काम आटोपून अकराला आलेले, त्यांना रजा एकाच दिवसाची. तीनला गजर. म्हणजे स्टिअरिंगवरच्या माणसाला तीन तासांची झोप, आणि शेजारी बसून बोलत ठेवायचं ती तू, तुला तेवढीही नाही. पहाटेची ती वेळ अशी असते की भरपूर झोपलेल्या माणसालाही डुलकी येते. चहाने तोंड ओलं होतं, झोप जात नाही.

म्हणून आधी चूल आवर. शेंगापोळ्या दोन दिवस आधी कर, त्या टिकतात. भज्जी तू करायचीच नाही, इथे वहिनी आणि मी आहोत, पातेलं मोठं आहे. रिकाम्या हाताने कशी जाऊ, असं तुला वाटणार. तू लेकरं घेऊन धडधाकट आलीस की आईला तेवढं पुरतं.

सासूबाईंशी बोलताना वादाच्या सुरात बोलू नकोस. त्या मानाच्या माणूस आहेत, आणि नातवंडं त्यांचा जीव की प्राण. सरळ म्हण, आत्याबाई, धुकं फार पडतंय, लेकरं गाडीत आहेत, ऊन पडल्यावर निघू या का? विचारलंस की त्या हो म्हणतील, आणि एकदा त्यांनी हो म्हटलं की मग ती वेळ त्यांची झाली. मग कुणी भावकीतलं फोनवर म्हणालं, अजून निघाला नाहीत का, तर उत्तर त्याच देतील.

जावईबापूंशी मात्र एकट्याने बोल, त्यांच्या आईसमोर नको. तुम्हाला झोप आवरत नाही असं चारचौघांत ऐकलं की कुठलाही पुरुष उलट जोरात चालवतो. आधीच ठरवून घ्या की जांभई लागोपाठ यायला लागली, गाडी पांढऱ्या पट्ट्यावर जायला लागली, मागचं गाव कधी गेलं ते आठवेना, की ढाब्यावर गाडी लावायची आणि वीस मिनिटं डोळे मिटायचे. त्यात कमीपणा नाही. तू बोलत राहा, पण त्यांच्या चालवण्यावर नको. अप्पर मारू नका, धुक्यात तो उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत येतो, डिपरवर ठेवा, फॉग लॅम्प असतील तर लावा, डावीकडची पांढरी रेघ धरा, हे सगळं निघण्याआधी बोलून ठेव. चालत्या गाडीत सूचना नकोत. आतून काचेला वाफ धरली तर थंडी असली तरी एसी थोडा वेळ लावा, हाताने पुसत बसू नका.

लेकरांचं. धाकट्याला मांडीवर घेऊन पुढे बसायची सवय सोड. कितीही घट्ट धरलंस तरी धडकेत हात पुरत नाहीत, आणि समोरची एअरबॅग उघडली तर तो त्यात चेपला जाईल. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची सीट हवी असं कायदाच सांगतो. मागे बसणाऱ्या मोठ्यांनीही पट्टा लावायचा. सासूबाई म्हणतील, मागे कशाला? तर त्यांना गोपीनाथरावांचं सांग. ३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत अपघात झाला तेव्हा मुंडेसाहेब मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. एवढा मोठा माणूस, आपल्या शेजारच्या परळीचा, आणि तो असा गेला. मराठवाड्यात ते कुणी विसरलेलं नाही. त्या ऐकतील. पट्टा पोटावरून न नेता कमरेच्या हाडावरून खाली बसव, म्हणजे त्यांना टोचणार नाही.

परतीचं तर मी ऐकूनच घेणार नाही. संध्याकाळी पेटता हेंडगा फिरवून झाला की लगेच निघतो, सकाळी ड्युटी आहे, असं म्हणशील. सहाच्या आत सूर्य बुडतो. दुपारी अंबील, भज्जी, खीर खाऊन अंग जड झालेलं, आणि कुणी बांधावर पाचट पेटवलं असेल तर त्याचा धूर रस्त्यावर उतरून बसलेला. त्यापेक्षा दोन वाटा आहेत. एक, जेवून तासभर लवणून तीनला निघा आणि उजेडात निदान लोह्याच्या पुढे जा. हेंडगा तुमच्याविना होईल, दूध उतू गेलं की कुठल्या दिशेला गेलं ते मी फोनवर सांगेन. दोन, मुक्काम करा, आणि जावईबापूंनी पुढच्या अर्ध्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेवावी. मला दुसरी वाट आवडेल, माझा त्यात स्वार्थ आहे, लेकरं एक रात्र जास्त राहतील. गाडीत हरभऱ्याचे डहाळे आणि भाज्या कोंबताना मागची काच मोकळी ठेव, दादा पोतं वरपर्यंत भरतो.

मोबाइलमध्ये 108 आणि महामार्गाचा 1033 दोन्ही नंबर सेव्ह करून ठेव, सासूबाईंच्या फोनमध्येही. वाटेत दुसऱ्या कुणाला लागलेलं दिसलं तर थांबायला घाबरू नका. मदत करणाऱ्याला पोलिसांनी अडकवून ठेवायचं नाही हे आता कायद्यात आहे. फक्त आपली गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, चारी इंडिकेटर लावा, आणि लेकरांना घेऊन गाडीपासून लांब, रस्त्याच्या कडेला उभी राहा.

निघताना आईला फोन करू नकोस, ती मग दर दहा मिनिटांनी तुला फोन करत बसते. मला कर. मी शेतातच असेन, सकाळपासून शेंगा सोलत. चालत्या गाडीत फोन तू उचलायचा, त्यांनी नाही. अहमदपूरला चहाला थांबलात की एक मेसेज टाक, म्हणजे भाकरी कधी टाकायच्या ते वहिनीला सांगता येईल. आणि सासूबाईंशी उद्याच बोल, चतुर्दशीच्या रात्रीवर ठेवू नकोस.