ॲडमिनमधला तो जुना चेकबॉक्स

१ ऑगस्ट २०१२ची सकाळ. साडेनऊला न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि नाइट कॅपिटल या दलाली कंपनीच्या यंत्रणेने ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींपोटी खरेदी-विक्रीचा सपाटा लावला. पाऊण तासात १५४ कंपन्यांच्या शेअर्सचे सुमारे चाळीस लाख सौदे झाले. नुकसान ४६ कोटी डॉलरांच्या वर गेलं. पुढच्याच वर्षी ही कंपनी गेटकोमध्ये विलीन झाली.

अमेरिकेच्या रोखे नियामकाने, म्हणजे एसईसीने, ऑक्टोबर २०१३मध्ये तिला १ कोटी २० लाख डॉलर दंड ठोठावला. त्या वेळचा आदेश वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावा, असं मला मनापासून वाटतं. त्यात शेअर बाजार कमी आणि रिफॅक्टरिंगच जास्त आहे. ‘पॉवर पेग’ नावाची एक सोय कंपनीने २००३मध्ये वापरणं बंद केलं, पण तिचा कोड काढला नाही. २००५मध्ये, ऑर्डर पूर्ण झाली की नाही हे मोजणारा भाग कोडमध्ये दुसरीकडे हलवला गेला. त्यानंतर पॉवर पेग कसा वागतो, हे कोणी तपासलं नाही. वापरातच नव्हता ना! २०१२मध्ये नवी सोय आली आणि तिच्यासाठी पॉवर पेगचाच जुना फ्लॅग, म्हणजे चालू-बंद करणारं सेटिंग, वापरला. नवा कोड आठ सर्व्हरवर जायचा होता, सातांवरच पोचला. फ्लॅग चालू झाला तेव्हा सात सर्व्हरनी नवं काम केलं. आठव्याने पॉवर पेग जागा केला, आणि आता त्याला थांबवणारी मोजणी जागेवर नव्हती.

बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने कर्मचाऱ्यांना पॉवर पेगचं नाव असलेले ९७ ईमेल पाठवले होते. ते इशारे म्हणून वाचले जातील अशी व्यवस्थाच नव्हती.

हे सगळं रूबी ऑन रेल्समधल्या साध्यासुध्या ॲपलाही लागू पडतं. ऑर्डर घेणं, पैसे कापणं, पावतीचा मेल धाडणं ही कामं कंट्रोलरमधून उचलून सर्व्हिस ऑब्जेक्टमध्ये नेताना डेव्हलपरचं लक्ष मेथडच्या नावांवर आणि फाइलींच्या रचनेवर असतं. पण त्या कामाच्या पोटात ‘हे सेटिंग चालू असेल तर’ अशा चारपाच अटी दडलेल्या असतात. ती सेटिंगं बदलणारा माणूस ॲडमिन पॅनेलवर बसलेला असतो. कोड त्याने कधी पाहिलेलाच नसतो. त्याचा एक क्लिक म्हणजे रिव्ह्यूविना केलेला डिप्लॉयच.

म्हणून हलवाहलवीआधी आजचं वागणं टेस्टमध्ये बांधून घ्यावं. मायकेल फेदर्स यांनी जुन्या कोडवरच्या आपल्या २००४च्या पुस्तकात याच टेस्टवर भर दिला आहे: कोडने काय करायला हवं हे नव्हे, तो आज काय करतो हे नोंदवणाऱ्या. प्रत्येक सेटिंगसाठी अशी टेस्ट दोनदा हवी, चालू असताना आणि बंद असताना. वापरात नसलेली बाजू बहुतेकदा राहून जाते, आणि नाइटमध्ये आग तिथूनच लागली.

सेटिंग सर्व्हिसच्या आत खोलवर वाचू नये. बोलावणाऱ्याने ते एकदा वाचावं आणि आर्ग्युमेंट म्हणून हाती द्यावं. मग टेस्ट सोपी होते, शिवाय काम अर्ध्यावर असताना कोणी चेकबॉक्स बदलला तरी त्या एका ऑर्डरला दोन वेगवेगळे नियम लागत नाहीत.

वाचतानाही एक खोच आहे. चेकबॉक्सवरची खूण काढली की रेल्सचा नेहमीचा फॉर्म ‘०’ पाठवतो. सेटिंगांचा तक्ता मजकुराच्या कॉलमचा असेल तर तिथे ‘०’ हे अक्षर साठतं, आणि रूबीच्या लेखी निल आणि फॉल्स सोडून सगळंच खरं. ‘फॉल्स’ हा शब्द मजकूर म्हणून साठवला तरी तोही खराच! म्हणजे ॲडमिनने बंद केलेली गोष्ट कोडच्या नजरेत चालूच राहते. मजकुराचं बूलियन करण्याचं काम एकाच ठिकाणी, सेटिंग वाचणाऱ्या क्लासमध्ये, ठेवावं. सेटिंग प्रोसेसच्या मेमरीत साठवून ठेवलं असेल तर बदल सगळ्या प्रोसेसपर्यंत कसा पोचतो, हेही तिथेच पाहावं.

जुन्या सेटिंगचं नाव नव्या अर्थाने कधीही वापरू नये. नवं नाव घ्यावं. आधी नवं वाचणारा कोड सगळ्या सर्व्हरवर गेला याची खात्री करावी, मग चेकबॉक्स दाखवावा. जुनं सेटिंग आणि त्यामागचा मेलेला कोड नंतरच्या डिप्लॉयमध्ये, पण नक्की, काढावा. ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेला कोड नाइटमध्ये नऊ वर्षं पडून होता.

माघारीचा बेतही आधीच लिहून ठेवायला हवा. त्या सकाळी गोंधळ थांबवण्यासाठी नाइटने बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला. त्यामुळे पुढच्या ऑर्डरींवर तिथेही पॉवर पेग चालू झाला आणि नुकसान वाढलं. कोड मागे घेतला, सेटिंग मात्र चालूच राहिलं. म्हणून बेतात पहिली ओळ सेटिंग बंद करण्याची असावी, ते कोण बंद करेल आणि बंद झालं हे कुठे दिसेल यासकट. कोड मागे नेण्याची पायरी त्यानंतर. ॲडमिनमधल्या प्रत्येक बदलाची वेळ, जुनी किंमत, नवी किंमत आणि करणाऱ्याचं नाव एका वेगळ्या तक्त्यात साठवलं, तर त्या क्षणी काय बदललं होतं हे शोधायला कोणाची आठवण चाळावी लागत नाही.